माझ्या तोंडातलं प्लीज

"हसून म्हण. दात नको दाखवूस, पण हसून म्हण."

एचआरच्या मॅडम माझ्या हनुवटीखाली पेन लावून माझं तोंड वर करत होत्या. बोटानं नाही, पेनानं. माझ्या अंगाला वायरच्या रबराचा वास येत होता, म्हणून असेल. सुपरवायझर भिंतीला टेकून मजा बघत होता. "पोपट तयार व्हतोय, मॅडम," तो म्हणाला. तोही आमच्याच शिरूरचा.

मी निमोण्याची. बारावी झालेली. एमआयडीसीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या एका कंपनीत कंत्राटी कामाला होते. लाइनवर सगळ्या बायाच. दिवसभर उभ्यानं काम. फक्त दुपारी दहा मिनिटं मागच्या बाकावर बसायला मिळायचं. तेवढ्यात आम्ही बूट काढून तळवे गार फरशीला लावायचो. दिवसातलं सुख म्हणजे तेवढंच.

परदेशातून पाहुणे येणार होते. कामगारांनी स्वतः सूचना करायच्या, अशी कंपनीची पद्धत. पाहुण्यांसमोर एका बाईनं इंग्रजीतून सूचना करायची ठरली. बारावी म्हणून मला उचललं. सूचना माझी म्हणायची, वाक्य मात्र मॅडमचं. "सर, मे आय सजेस्ट दॅट वी फोरगो अवर आफ्टरनून रेस्ट, प्लीज?"

"म्हंजी काय, मॅडम?"

"विनंती आहे. अर्थाशी तुला काय करायचंय? उच्चार सांभाळ."

आफ्टरनून मला कळलं. रेस्ट कळलं. प्लीज तर शेंबड्या पोरालाही कळतं. फोरगो तेवढं कळलं नाही. पण दुपारची विश्रांती आणि वर प्लीज, म्हणजे विश्रांती वाढवून मागतोय, असं मी धरून चालले. माझ्याच ताटातली भाकरी उचलून न्या, प्लीज, असं कुणी म्हणतं का? मनातून खूश झाले. भाकरी थापतानाही तेच घोकत होते. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, मंत्र म्हणतीस व्हय?"

पाहुणे आले. मी म्हटलं. हसून म्हटलं. टाळ्या पडल्या. एका गोऱ्या साहेबानं हात जोडले. लाइनवरच्या बाया बघत होत्या, सगळ्यांत पुढं लता. लता केंदूरची, माझ्या शेजारी उभी राहून काम करायची, तेव्हा पोटुशी होती. तिच्या तोंडावर माझं कौतुक होतं.

सोमवारी सुपरवायझरनं सगळ्यांना गोळा केलं. "तुमच्या विनंतीला मान देऊन दुपारचं बसणं आजपासून बंद. तुमच्याच बाईनं प्लीज म्हणून मागितलंय." आणि माझ्याकडं बोट दाखवलं.

लतानं हळूच विचारलं, "तू काय बोललीस गं त्या दिवशी?"

"मला न्हाई ठावं."

ती बघतच राहिली. आयुष्यात इतकं नागडं कधी वाटलं नव्हतं. कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं.

पुढं लताचे पाय बुटात मावेनात. एक दिवस ती लाइनवरच खाली बसली. बसली कसली, पाय गेले. सुपरवायझर म्हणाला, "उठ, नाटकं नकोत." मीच तिला धरून गेटबाहेर गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. तिला पुन्हा कामावर घेतलं नाही.

आमच्यात प्लीज नाही. "आप्पा, जरा सरका की," म्हटलं की जीपमधला म्हातारा सरकतो. "मामा, तेवढं बघा," म्हटलं की माणूस बघतो. त्यात त्याचाही मान राहतो आणि आपलाही. फोरगो म्हणजे सोडून देणं, हे मागाहून कळलं. मॅडमच्या वाक्यात वाकायचंही आपणच आणि वाकून आपलंच देऊन टाकायचं.

काही महिन्यांनी पुन्हा पाहुणे. पुन्हा मॅडम, पुन्हा पेन. मी पेन हातानं बाजूला केलं. "आधी अर्थ सांगा."

"डोकं चालवू नकोस. कंत्राट संपत आलंय ना तुझं?"

घाबरले. खोटं कशाला बोलू? वाक्य पाठ केलं.

पण माइक हातात आला आणि लताच्या जागेकडं नजर गेली. तिथं दुसरी पोरगी उभी होती. तीही एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. माझ्या तोंडून मराठीच आलं. "सायेब, आमची दुपारची दहा मिन्टं काढून घेतली. मी मागितलं ते माझं नव्हतं, मला पढवलं व्हतं. आमची दहा मिन्टं माघारी द्या."

साहेबानं मॅडमकडं बघितलं. मॅडम गोड हसल्या. "शी सेज, थँक यू सो मच, सर."

टाळ्या पडल्या.

थँक यू मला कळतं.

"नो," मी माइकमध्ये म्हटलं. "आय नॉट से थँक यू. गिव्ह अवर रेस्ट." व्याकरण गेलं चुलीत. प्लीज म्हटलं नाही. हसलेही नाही.

टाळ्या थांबल्या. मॅडम साहेबाला भराभर काहीतरी सांगत राहिल्या. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या मशीनकडं निघून गेला. संध्याकाळी गेटवर माझं कार्ड काढून घेतलं.

त्याच आठवड्यात तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातून मी तशीच केंदूरला गेले. लता ओट्यावर लेकराला घेऊन बसली होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, जवळ घेईल. तिनं लेकराचं टोपडं नीट केलं.

"मंग दिली का दहा मिन्टं?"

"न्हाई."

"मंग मला कशाला सांगतीस? त्या सायबांना सांग."

खरं बोलली. आता मी दुसऱ्याच्या मळ्यात फुलं तोडायला जाते आणि मोबाइलवर इंग्रजी शिकते. त्यात पहिलाच धडा विनंती कशी करावी याचा आहे. तो मी बाजूला ठेवलाय. नकार कसा द्यायचा आणि खोट्याला खोटं कसं म्हणायचं, ते आधी शिकले. शिफ्ट सुटताना कंपनीच्या गेटबाहेर जीपपाशी जाऊन उभी राहते आणि जी बाई थांबेल तिला शिकवते. वॉचमन हाकलतो. मी रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभी राहते.

पाहुणे पुन्हा येतील. मॅडम कुणाच्या तरी हनुवटीखाली पेन लावतीलच. त्या बाईला वाक्याचा अर्थ कळलेला असेल.