ट्रकचे पाटे लावलेली स्पोर्ट्स कार आणि माझा मुराळी

आज सकाळी माझा मुराळी गेला.

नातवंडांनो, मुराळी म्हणजे सासरहून लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. माझा दादा यायचा तो स्पोर्ट्स कारमधून!

हो, स्पोर्ट्स कार. पन्नासच्या दशकातल्या इंदापुरात!

रडून झालंय माझं. आता ऐका.

कुण्या साहेबानं विलायतेला परत जाताना टाकून दिलेली दोन सीटची गाडी दादानं आमच्या गोठ्याशेजारी आणून ठेवली होती. इंजिन झकास, पण मागचं सस्पेन्शन पार गेलेलं. कमानींचे पाटे, म्हणजे धक्के झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, तुटलेले, सांध्यातले रबरी बुश कुजलेले.

आबा, म्हणजे आमचे वडील, वैतागले होते.

"वझं उचलत न्हाय ती कसली गाडी? दिवाळीला हिच्यातनं सुमीला घिऊन ये. न्हाय जमलं तर भंगारात घालतो."

सुमी म्हणजे मी. तेव्हा वडगाव निंबाळकरला नवी सून. पहिलीच दिवाळी, डोळे वाटेकडं लागलेले.

विलायती पार्ट कुठले मिळायला? दादानं मोडक्या ट्रकचे पाटे आणले. लोहाराच्या भट्टीत तापवून मापाला वाकवले. बुश कशाचे केले माहितीय? जुन्या मोटेच्या चामड्याचे, एरंडेलात मुरवून!

मग टेस्टिंग.

आमच्याकडं गाडी म्हणजे उसाची गाडी. ती पारखायची रीत एकच, वझं टाकून बघायचं. दादानं आबांसकट गल्लीतली चांगली धष्टपुष्ट माणसं मागं डिकीवर बसवली. कमान जरासुद्धा दबली नाही. टाळ्या पडल्या, नारळ फुटला.

इथंच घोळ झाला होता!

ट्रकच्या पाट्याला ट्रकचं ओझं लागतं. ही चिमुकली गाडी रिकामी असली की प्रत्येक खड्ड्यात बेडकासारखी उडायची. दादा आमच्या दारात पोचला तेव्हा कपाळावर हे एवढं टेंगूळ! टोपी बारामतीच्या अलीकडंच कुठंतरी पडलेली.

सासूबाई दारातच आडव्या आल्या.

"पावणं, ह्या उड्या मारणाऱ्या डब्यात माझी सून बसायची न्हाय. बैलगाडी घिऊन या, न्हायतर तिची दिवाळी हितंच."

दादाचा चेहरा पडला. माझं माहेर आणि त्याची गाडी, दोन्ही एकदमच हातची चालली होती.

लग्न झाल्यापासून मी सासूबाईंसमोर मान वर केली नव्हती. त्या दिवशी तोंडातून निघूनच गेलं, "रिकामी बैलगाडी बी आदळतीच की. बाजरीची पोती टाका मागं!"



मग तात्या, माझे सासरे, खो खो हसत सुटले. "व्हय की! टाका रं पोती!"

नव्या बाजरीची दोन पोती सीटच्या मागं चढली. गाडीचं बूड अलगद खाली बसलं. तात्यांनी दाबून पाहिलं, तर झुलली. काय मस्त झुलली!

सासूबाईंनी माझी ओटी भरली. म्हणाल्या, "सावकाश जावा."

सावकाश कसलं! बारामती मागं पडली, रस्ता मोकळा मिळाला आणि दादानं अशी पळवली म्हणून सांगू! मी पदर दातात धरून बसलेली.

"सुमे, भ्या वाटतंय का गं?"

"न्हाय! आजून पळव!"

पुढं मी विमानातही बसले. ती मजा नाही.

इंदापुरात आबा दारातच उभे होते. आधी मला पाहिलं, मग पोती पाहिली. "आरं, वझं उचलती की ही!"

गाडी वाचली.

ते पाटे दादानं कधी बदलले नाहीत. "आता पार्ट मिळत्यात, बदल की," म्हटलं तर म्हणायचा, "मग तुझ्या सासूची बाजरी कशी यायची?"

आणि सासूबाई! दिवाळी जवळ आली की पोती आधीच शिवून तयार.

दादा, तू न्यायला आल्याशिवाय मी कधी माहेरी गेले नाही. आज निघालेय. नातू गाडी चालवतोय. सस्पेन्शन इतकं मऊ आहे की खड्डा कळतसुद्धा नाही.

आज कळायला हवा होता रे.

जा आता सावकाश. माझी वेळ झाली की मुराळी म्हणून तूच यायचं. दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस.

मी पोती शिवून ठेवते.