मधुबन बंध

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए., बी.एड. झाले आणि जळगावकडून निघून सिल्वासाला मराठी शाळेत शिक्षिका म्हणून लागले. हे मी आजही ताठ मानेनं सांगते, त्या दिवशी तर जरा जास्तच ताठ होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. दिवाळीनंतर आईबाप पहिल्यांदा माझ्याकडे, सिल्वासातल्या टोकरखाड्याला आले. चार दिवस राहिले. शेवटच्या दिवशी मी रजा टाकली आणि म्हटलं, आज फिरायचं. सकाळी वनगंगेची बाग झाली. तळ्यावरचा लाकडी पूल आईनं दोनदा ओलांडला, होडीत मात्र बसली नाही. "पाण्यात बसायला मी काय म्हैस आहे?" म्हणाली.

बापाचं लक्ष बागेत नव्हतं. त्याला धरण बघायचं होतं. माझ्या जन्माआधी दोघांनी एका धरणावर माती वाहिली होती. भिंत पुरी व्हायच्या आधीच मुकादमानं त्यांची टोळी दुसऱ्या कामावर नेली. नंतर तिकडे जाणं झालंच नाही. "भरेल धरण एकदा पाह्यचं होतं," एवढंच तो म्हणायचा. इथे जवळ मधुबनचं धरण आहे, हे मीच त्याला पत्रात कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी होती, म्हणजे पाहायचं तर आजच.

जीपवाल्यानं फाट्यावर उतरवलं. "पाटी आहे, तिकडून चालत जा," म्हणाला आणि गेला.

पाटी गुजरातीत होती. मला गुजराती कोणी शिकवली नव्हती. दुकानांच्या पाट्या वाचत मी अक्षरं बसवली होती. दुपारी शाळेतून येताना निम्म्या दारांवर 'बंध छे' लटकलेलं असायचं, म्हणजे दुकान 'बंद आहे'.

बापानं विचारलं, "काय लिहेल आहे वं?"

मी मोठ्यानं वाचलं, "मधुबन बंध. म्हणजे बंद आहे, बाबा. आत सोडत नसतील."

"मग बाण कशाला काढेल आहे?"

"कुठलं बंद आहे ते दाखवायला."

तेवढ्यात डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आली. माझी गुजराती दाखवायची संधी मी सोडली नाही. विचारलं, "बेन, आगळ बंध छे?" म्हणजे, पुढे बंद आहे का?

"हा, छे ने," ती म्हणाली आणि हातानं पुढे दाखवून चालू लागली.

"बघा," मी म्हटलं.

आंब्याच्या झाडाखाली बसलो. आईनं दशम्या आणि लसणाची चटणी काढली. बापानं एक दशमी घेतली आणि तशीच हातात धरून त्या रस्त्याकडे बघत राहिला. मला वाईट वाटलं, पण चूक माझी नाही असंच वाटत होतं. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला बघू."

"पुढची खेप कोणी पाह्यली," आई म्हणाली.

मग त्याच रस्त्यानं एक टेम्पो आला. मागे बसलेल्या पोरींचे घागरे गुडघ्यापर्यंत ओले.

बाप उठला. "बंद रस्त्यानं गाडी कशी येते?"

"आतल्या पाड्यावरची असेल, बाबा."

त्यानं हात दाखवून टेम्पो थांबवला. चालवणारा आमच्याच बाजूचा, बोलण्यावरून धुळ्याचा वाटला. बापानं बंद आहे की उघडं, हे आधी विचारलंच नाही. "भाऊ, पाणी आहे का?" म्हणाला.

"भरपूर, काका. भिंतीला टेकेल आहे. अर्ध्या तासात पोचाल."

"हे बंद लिहेल आहे ना पण?"

त्यानं पाटीकडे बघितलं आणि हसला. "बंध म्हंजे धरण, काका. गुजरातीत दोघांना एकच शब्द आहे. कोणी वाचलं हे?"

"आमची मास्तरीण," आई म्हणाली.

वाटेत मी दोघांच्या पुढे चालत होते. आपल्या शेताला बांध असतो, नदीला बंधारा असतो, हे काय मला माहीत नव्हतं? शाळेत मीच शिकवत होते.

वर पोचलो. अलीकडे भिंत, पलीकडे डोंगरांच्या पायथ्यापर्यंत पाणी. मी बापाला पाणी दाखवत होते आणि तो भिंत बघत होता. कठड्यापासून लांब, मातीच्या भरावाकडे बोट करून म्हणाला, "हे बाहेरून मुरूम आहे. पोटात काळी माती. ओली करून दाबायची, नाही तर पाणी पाझरतं." आई म्हणाली, "टोपलं तर मीच भरत होते." दोघं बराच वेळ असलंच बोलत राहिले. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी ऐकत होते.

मग तो पाण्याकडे वळला आणि नुसता उभा राहिला. "भरतं म्हणजे धरण," म्हणाला.

परत फाट्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. जीपची वाट बघताना बापानं पाटीखाली आईला उभं केलं. तिला अक्षर येत नव्हतं.

"वाच, काय लिहेल आहे?"

आईनं पदर सारखा केला, पाटीकडे नीट बघितलं. "धरण," म्हणाली.

"पास," बाप म्हणाला, आणि दुपारची उरलेली दशमी मागून घेतली.