घरचं कोणी

संध्याकाळी वीज आली आणि मी मेणबत्ती फुंकली. विझलेल्या वातीचा धुरकट वास नाकात शिरला, आणि मी पुन्हा कुंभकोणमच्या त्या चर्चमध्ये, दाराजवळच्या खांबाआड उभी होते.

माझ्या अक्काचा बाप्तिस्मा होता. ती नर्स होती, चोवीस वर्षांची. हा निर्णय तिनं एकटीनं घेतला होता, तेव्हापासून अप्पांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. इन्नंबूरला मैत्रिणीकडं जाते, असं घरी सांगून मी आले होते.

पाद्री तमिळमध्ये म्हणाले, "हिच्या घरचं कोणी आलं असेल, तर पुढं या."

पांढऱ्या साडीतली अक्का वळली. तिची नजर थेट माझ्यावर आली. कोणीतरी अप्पांना सांगेल या भीतीनं माझे पाय हललेच नाहीत. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक म्हातारी उठली आणि अक्काच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "मी आहे." मग पाद्रींनी ओतलेलं पाणी अक्काच्या केसांतून गालांवर ओघळलं.

बाहेर आल्यावर अक्का आमच्या घरच्या तंजावरी मराठीत एवढंच बोलली, "आलीस, बरं केलंस. आता जा, अम्मा वाट बघत असेल."

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं, त्या दिवशीसुद्धा तिनंच मला सांभाळलं. दर रविवारी मी तिला फोन करते. सगळं बोलते, पुढं का आले नाही, तेवढंच सांगायचं राहतं.