पाळीचे पेढे

बायकोची पाळी आली म्हणून मी पेढे आणले. केशरी, वर्ख लावलेले.

आणून गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण घाटकोपरच्या आमच्या घरात पेढ्यांचा पुडा लपवायला जागा नाही, आणि खरं सांगायचं तर लपवायचं मला सुचलंच नाही. मी तो सरळ स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला. ओटा आईचा.

पेढे कशाचे, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. आमचं लग्न झालं तेव्हा वडील अंथरुणाला खिळलेले, चाळ पाडून झालेली, नवी इमारत कागदावर, आणि आम्ही चौघं भाड्याच्या एका खोलीत. मूल पुढच्या वर्षी, असं आम्ही दोघांनी ठरवलं. बायको दर तीन महिन्यांनी मुलुंडला, तिच्या माहेराजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन एक इंजेक्शन घ्यायची. दंडात सुई टोचली की पुढचे तीन महिने घोर नाही. मग हळूहळू पाळीच थांबली. डॉक्टर म्हणाल्या, या इंजेक्शनने असं होतं, घाबरू नका. आम्ही कसले घाबरतोय, उलट एक कटकट गेली म्हणून खूश झालो. पुढे वडील गेले, इमारत उभी राहिली, तिला अंधेरीच्या ऑफिसात बढती मिळाली. आमचं पुढचं वर्ष मात्र पुढेच राहिलं.

आईला यातलं काही माहीत नव्हतं; तिला संशय नको म्हणून बायको पाळी नसतानाही दर महिन्याला चार दिवस देवापासून लांब राहायची. ती दरवर्षी गावी जाऊन देवळात नारळ ठेवायची. आमच्या मालवणाकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस सगळ्यांच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागणं मागतो आणि जमलेल्यांनी त्यावर एका सुरात ‘होय महाराजा’ म्हणायचं. आमच्याकडे हे काम काकांचं. ‘‘बा देवा महाराजा! ह्या लेकराच्या घरात पाळणो हलांदे रे महाराजा!’’ असं ते म्हणायचे, आणि आईच्या बाजूला हात जोडून उभा असलेला मी बेंबीच्या देठापासून ओरडायचो, ‘‘होय महाराजा!’’ माझा आवाज मुळात खणखणीत. काका त्याचं कौतुकही करायचे.

शेवटी पस्तिशी ओलांडल्यावर एक दिवस बायको म्हणाली, ‘‘बास आता. पुढचं इंजेक्शन नको. मला मूल हवंय. आणि हे बघ, आईंना इतक्यात काही सांगू नकोस. रोज माझ्या तोंडाकडे बघत बसतील.’’

‘‘होय महाराजा,’’ मी म्हणालो.

मी लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. बंद ठेवलेली लिफ्ट चालू करायची तर चावी फिरवायची. दिवा लागतो, पंखा फिरतो, दार मिटतं. इंजेक्शनचंही तसंच असणार, अशी माझी समजूत. ‘‘औषधाचा असर जायला वेळ लागतो, कुणाला काही महिने, कुणाला वर्षही. धीर धरा,’’ असं डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या तेव्हा मी भिंतीवरच्या फोटोतल्या गुटगुटीत बाळाला मनातल्या मनात माझं नाक लावून बघत होतो. चांगलं दिसत नव्हतं.

घरी येऊन मी पलंगाशेजारचा कोपरा मोजला, पाळणा मावेल का म्हणून.

महिने गेले. काही झालं नाही. काही म्हणजे काहीच नाही, पाळीसुद्धा नाही. पाळी नाही म्हणजे दिवस गेले असतील, या आशेने बायको घरच्या घरी टेस्ट करायची आणि एकच रेघ बघून ती पट्टी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायची. आई समोर बसून मटार सोलत असायची, म्हणून चेहऱ्यावर काही दाखवायची सोय नाही. मी आपला विनोद करायचो. एकदा म्हणालो, लिफ्टमध्येही कधी कधी वायर गंजते. त्यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

एका संध्याकाळी गॅलरीत कपडे काढता काढता ती म्हणाली, ‘‘इतकी वर्षं मी त्याला गप्प बस, गप्प बस म्हणत आले. आता ते कायमचं गप्प झालं असेल तर?’’

‘ते’ म्हणजे तिचं शरीर. एरवी मी विनोद केला असता. त्या दिवशी मी नुसतेच चिमटे गोळा केले.

मग तो रविवार. आई मासळी आणायला बाजारात गेलेली. मी दात घासत होतो. बायको बाथरूममधून बाहेर आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. एक हात ओटीपोटावर होता. बंद दाराला कान लावून आत कुणी आहे का याचा अंदाज घ्यावा, तशी.

‘‘आली,’’ ती म्हणाली.

‘‘आई? इतक्यात?’’

‘‘अरे पाळी आली, पाळी!’’

मी तोंडातल्या फेसासकट तिच्याकडे बघत राहिलो. पाळी म्हणजे काय, तर लहानपणापासून मला माहीत होतं ते एवढंच: कोपऱ्यात वेगळी घातलेली चटई, केमिस्टने काळ्या पिशवीत कोंबलेला पुडा, आणि ‘‘आज देवाला तू हात लाव’’ असं आईने मला सांगणं. त्या सकाळी मला वेगळंच काही दिसलं. इतकी वर्षं आम्ही औषधाने ज्याला निजवलं, ज्याची वर आठवणही काढली नाही, ते आतल्या आत, कुणी हाक न मारता, कुणावर न रुसता उठून कामाला लागलं होतं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात इतक्या वेळा उभा राहिलो, तिथे कधी आला नव्हता.

तोंड धुवून मी तडक खाली उतरलो आणि पेढे आणले.

आई बांगड्यांची पिशवी घेऊन आली. तिने ओट्यावरचा पुडा पाहिला, सुनेचे भरलेले डोळे पाहिले, माझं खुळ्यासारखं हसणं पाहिलं. मासे तसेच सिंकमध्ये टाकून तिने हातपाय धुतले, पुडा उचलून देवापुढे ठेवला आणि काकांना फोन लावला. फोन स्पीकरवर टाकून तिने तो गणपतीच्या तसबिरीला टेकवला.

‘‘भावजी, घाला गाऱ्हाणा! आमच्याकडे गोड बातमी हा!’’

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. पण गावाहून काकांचा आवाज सुटलासुद्धा. ‘‘बा देवा महाराजा! तुझ्या लेकरांनी मागला, ता तू दिलंस रे महाराजा!’’ आणि माझ्या तोंडून, शपथेवर सांगतो, नुसत्या सवयीने निघालं, ‘‘होय महाराजा!’’

बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी लिहीत नाही.

‘‘ये गो बाय,’’ आईने तिला हाक मारली. ‘‘दिवो तुझ्या हातान लाव.’’

बायको स्वयंपाकघराच्या दारातून हलली नाही. आमच्याकडे पाळीचे चार दिवस बाई देवाजवळ जात नाही. आईचा तर तेवढ्यापुरता सुनेच्या हातचं पाणीही न घेण्याचा नेम.

‘‘आई, मला नाही यायचं देवाजवळ.’’

‘‘कित्याक?’’

‘‘पाळी आलीय माझी.’’

आईने पेढ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘मगे पेढे कसले?’’

‘‘त्याचेच,’’ मी म्हणालो.

‘‘पाळी इली म्हणान पेढे हाडलंस? खुळो की काय रे तू?’’

‘‘हालो? हालो?’’ फोनमधून काका. ‘‘आवाज येता मा?’’

मग बायकोने दारातच उभं राहून सगळं सांगितलं. इंजेक्शन, ती किती वर्षं घेतली ते, थांबवल्यानंतरचं हे वाट पाहणं. एकही गोष्ट तिने गाळली नाही आणि एकही माझ्यावर ढकलली नाही. मी फोन बंद करायला विसरलो होतो, त्यामुळे काकांनीही सगळं ऐकलं.

‘‘म्हणजे मी वर्सांवर्सां देवाक नारळ देतंय,’’ आई सावकाश म्हणाली, ‘‘नि तुमी हय सुयो टोचून घेतास?’’ मग तिची मान माझ्याकडे वळली. ‘‘नि तू मेल्या, माझ्या बाजूक उभो रवान होय महाराजा म्हणतंस?’’

मी होय म्हणणार होतो, पण तो शब्द त्या क्षणी बरा दिसला नसता.

आई खाली बसली. बायको चौकट धरून उभी होती. इतके महिने तिला भीती होती ती याचीच, की आई म्हणेल, स्वतःच्या हाताने केलंस, आता भोग. आईने वर पाहिलं आणि विचारलं, ‘‘पोटात दुखता गो?’’

‘‘थोडं.’’

‘‘पण इली मा नीट?’’

‘‘आली, आई.’’

आई काही तरी आठवत असल्यासारखी भिंतीकडे बघत होती. ‘‘माका पयल्यांदा न्हाण इला ना,’’ ती म्हणाली, ‘‘तेवा आजयेन माका न्हावक घातलान, केसांत अबोली माळलान नि शिरवाळे केलान. वाडीतल्यो सगळ्यो बायलो जेवक. माका मेल्याहून मेल्यासारख्या झाला. म्हटला, ह्याच्यासाठी गोड कित्याक? तर आजी म्हणाली, घर उघडला बाय तुझा. घर उघडला तर लोक गोड करतत ना?’’

ती उठली. देवापुढचा पुडा सोडून तिने एक पेढा घेतला आणि दारापाशी गेली. मला वाटलं, लांबून हातावर टाकेल. तिने सुनेची हनुवटी धरली आणि पेढा तिच्या तोंडात घातला. मग ओल्या बोटांनी तिचा गालही पुसला. इतक्या वर्षांचा नेम त्या दोन बोटांत कुठे गेला, मला कळलं नाही. आईलाही कळलं नसावं, कारण ती लगेच माझ्यावर ओरडली, ‘‘बघतंस काय? माळ्यावरसून शेवयांचो साचो काढ!’’

साचा लाकडी आणि जड असतो. मी तो काढला आणि स्वतःच्या पायावर पाडून घेतला. दुपारी बांगड्यांऐवजी तांदळाच्या गरम शेवया, नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या. तेच शिरवाळे. मी लंगडत तीनदा वाढून घेतले.

पुढचे महिने सोपे नव्हते. इतकी वाट पाहून आलेली तीच पाळी आता नको होती. ती आली की आई मात्र दर वेळी साचा काढायची. ‘‘येता हा म्हणजे आत जाग हा,’’ एवढंच म्हणायची.

एकदा डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पडदा माझ्याकडे फिरवला. करड्या रंगात एक काळा, गोल ठिपका, पिकत आलेल्या करवंदासारखा.

‘‘ही या महिन्याच्या बीजाची पिशवी. दोन दिवसांत फुटून बीज सुटेल.’’

‘‘एकच?’’

‘‘किती हवेत तुम्हाला?’’

मी ओशाळलो. पण माझी नजर हलेना. बायको शेजारी पडून छताकडे बघत होती, ऑफिसच्या फोनची काळजी करत होती, आणि तिच्या आत हे चाललं होतं. मधली इंजेक्शनची वर्षं सोडली तर शाळेत असल्यापासून महिन्यामागून महिना, परीक्षेत, लग्नात, प्रवासात चाललेलं. मी ज्या बाईबरोबर इतकी वर्षं एका पलंगावर झोपलो, तिच्यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आणि एका महिन्यात पाळी आली नाही. टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा. या वेळी मी पेढे आणले नाहीत. मी कोपराही मोजला नाही. काही दिवसांनी पुन्हा तोच पडदा, तोच करडा रंग. मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं असेल.

‘‘ठोका आहे तो,’’ डॉक्टर म्हणाल्या.

लुकलुकणारे दिवे हा माझा धंदा. पॅनेल उघडलं की मागे वायर कुठून येते ते मी डोळे मिटून सांगतो. इथे मी वायर शोधत राहिलो. कुठून आलं हे? कुणी चालू केलं? आम्ही तर नाही. आम्ही फक्त बंद करणं थांबवलं होतं. बायकोने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला. डॉक्टरांनी काही विचारायचंय का म्हणून विचारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणालो.

आईला बायकोनेच सांगितलं. मला आधीच ताकीद होती की तू फक्त उभा राहायचंस. आईने पदराने डोळे टिपले आणि फोन पुन्हा गणपतीच्या तसबिरीला टेकवला.

‘‘खरा मा?’’ काकांनी आधी खात्री करून घेतली. ‘‘की परत त्येचेच पेढे?’’

‘‘खरा, भावजी. घाला.’’

या वेळी दिवा बायकोने लावला. काकांनी घसा खाकरला. ‘‘बा देवा महाराजा! ह्या माउलीक नि तिच्या पोटच्या जिवाक सुखरूप ठेव रे महाराजा!’’

आई म्हणाली, ‘‘होय महाराजा.’’ बायको हळूच म्हणाली, ‘‘होय महाराजा.’’ मी हात जोडले, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आईने डोळेही उघडले नाहीत.

‘‘तू गप रव,’’ ती म्हणाली. ‘‘तुझ्या होयवर देवाचो इस्वास नाय.’’