वस्तादांच्या मांडीवरचा राखीव पठ्ठ्या

तालमीत नवीन पोर आलं, की आमचे वस्ताद आधी त्याला आपल्या उजव्या मांडीवरच्या गाठीच्या पाया पडायला लावायचे. "ह्यो माझा राखीव पठ्ठ्या. मी दमलो की ह्यो लढतो." पोर खरंच वाकायचं आणि आम्ही हसून मातीत लोळायचो.

पलूसच्या त्या तालमीत मुलींमध्ये मीही घाम गाळला. मुरगळलं, सुजलं, की तेल लावून रगडायचं, एवढंच आमचं वैद्यक. वस्तादांच्या गाठीलाही रोज मालिश मिळायची. लिंबाएवढी होती, ती पुढच्या जत्रेपर्यंत नारळाएवढी झाली. "खुराक लागू पडला," म्हणायचे.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी कुणाला विसरू देत नाही. वस्ताद मला 'बीएस्सी' म्हणूनच हाक मारायचे.

"आवं वस्ताद, वाढतीय ती. दाखवा की डॉक्टरला."

"दुखत न्हाई गं. न दुखणारी गाठ दवाखान्यात न्यायची, म्हंजी न भांडणारी सून माहेरी धाडायची."

शेवटी मी पैज मारली. नुसती चरबीची निघाली, तर पोरांसमोर दमेपर्यंत बैठका काढीन. हा मोह त्यांना आवरला नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला. निघाला सार्कोमा. मांसातला, क्वचित होणारा कॅन्सर. वरून दिसायला साधी गाठ. "वाढणारी गाठ दुखो न दुखो, दाखवायची. आणि चोळत काय बसलात?" डॉक्टर कडाडले. पाय वाचेल का, हे ऑपरेशनमध्येच कळणार होतं.

वस्ताद माझ्याकडं वळून म्हणाले, "बीएस्सी, बैठका वाचल्या गं तुझ्या."

पाय वाचला, पण मांडीचं निम्मं मांस गेलं. टाके निघाल्यावर वॉकर धरून पहिल्यांदा उभे राहिले आणि सवयीनं उजव्या मांडीवर शड्डू ठोकला. आवाजच आला नाही. ओल्या पोत्यावर थापटल्यासारखं झालं. मी उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

वस्तादांनी त्या मांडीकडं एकदा पाहिलं, हात बदलला आणि डाव्या मांडीवर असा ठोकला, की दाराशी डुलकी काढणारा वॉर्डबॉय "कोण पडलं, कोण पडलं?" करत धावत आला.

"पडलं कोण न्हाई," वस्ताद म्हणाले, "उभं ऱ्हायलंय."