पहिला भाग सांगणारे जीपवाले मामा

मंडळी, आज दुपारी आईला हिंगोलीत पिक्चरला नेलं. उडणाऱ्या हिरोचा दुसरा भाग, हाणामारी आणि विनोद भरपूर. पण आईनं पहिला भाग पाहिलेलाच न्हाई. ती उठलीच, "चल घरी, मला काहीच समजून न्हाई राहिलं."

तेवढ्यात लाईट गेली. मागं एक मामा बसले होते, सेनगावला जीप चालवतो म्हणाले; ते अंधारातच तिला पहिला भाग सांगू लागले.

"अक्का, हे पोरगं पहिले लई भित्रं होतं. विहिरीत डोकावलं तरी चक्कर यायची त्याला!"

सगळी टॉकीज हसायला लागली.

लाईट आली, पडद्यावर मारामारी सुरू झाली, तर आईच ओरडली, "थांबवा की ते! या भाऊचं सांगून होऊ द्या आधी!"

मामांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कुणी ओळखत असेल तर माझे आभार पोचवाल का? तिसऱ्या भागाला आई त्यांच्याशिवाय यायची न्हाई म्हणते.