डाव्या बाजूचं दार

मुक्ताई गेली, त्याला चार महिने झाले. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे खांद्यावर हात ठेवून वाट पाहून गेले, पण वैजनाथराव रडले नाहीत. विश्रांतवाडीच्या त्यांच्या सोसायटीत यावर चर्चाही झाली. पुण्यात शोकसुद्धा रीतसर करावा लागतो. वैजनाथरावांना मात्र वेगळीच धास्ती होती. बायको गेली तरी आपल्याला काही वाटतच नाही, म्हणजे आपण माणूस आहोत की दगड?

अशात मुलाने, सुदर्शनने, नवी गाडी घेतली. पार्किंगची जागा एकच, आणि तिथे वडिलांची पांढरी फियाट.

"बाबा, हिला कॅमेरा आहे, एअरबॅग्ज आहेत, गिअरसुद्धा टाकावे लागत नाहीत. तुमच्या गाडीत काय आहे?"

"हॉर्न आहे," वैजनाथराव म्हणाले.

पण फियाट विकायला त्यांनी लगेच होकार दिला. सुदर्शनने समजुतीचं भाषण तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं.

जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका शौकिनाने ती घेतली. रविवारी त्याचा मेकॅनिक बद्रीनाथ न्यायला आला. किल्ली देताना वैजनाथराव म्हणाले, "उजवीकडे वळताना डावं दार उघडतं. शेजारी कोणी असेल तर त्याला धरायचं."

बद्रीनाथने दार हलवून पाहिलं. "काका, लॅच झिजलंय फक्त. तुमचा चहा होईस्तोवर बसवलं असतं कुणीही. इतकी वर्षं असंच चालवलंत?"

"राहून गेलं."

राहून वगैरे काही गेलं नव्हतं. दार पहिल्यांदा उघडलं ते येरवड्याच्या चौकात. घाबरून त्यांनी मुक्ताईचं कोपर घट्ट पकडलं. दुसऱ्या दिवशी ते गॅरेजला निघाले, तर तीच आडवी आली. "अहो, राहू द्या ना. दुरुस्त झालं तर धराल का हात?" चारचौघांत बायकोकडे बघायचीही चोरी वाटणारा हा गृहस्थ मग खडकवासल्याला जातानासुद्धा उजवी वळणं शोधत जायचा.

हे सगळं आठवलं, तरी आत काही हललं नाही. फियाट फाटकातून उजवीकडे वळली, दार उघडलं, बद्रीनाथने हात लांब करून ते आपटलं आणि गाडी गेली. जागेवर तेलाचा डाग तेवढा उरला. तो घासून काढायला हवा, असं वैजनाथरावांच्या मनात आलं.

"चला बाबा, चक्कर मारू," सुदर्शन म्हणाला.

ते मुलाच्या शेजारी बसले. पट्टा लावला. इतक्या वर्षांत गाडीत डावीकडे ते कधी बसलेच नव्हते. गाडी आवाज न करता निघाली आणि फाटकातून उजवीकडे वळली. दार जागचं हललं नाही. सुदर्शनचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता.

तेव्हा वैजनाथरावांच्या ध्यानात आलं, की आपलं उजवं कोपर आपोआप मुलाच्या बाजूला सरकलंय.

कोणी धरलं नाही. इतकी वर्षं ती या जागेवर बसून कशाची वाट पाहायची, ते त्यांना कळलं.

"बाबा? काय झालं? एसी कमी करू का?"

"कर," वैजनाथराव कसेबसे म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले.